नागपूरची झोप आणि नागपूरचे जागरण

ज्या शहराच्या फौजेची आठवण दुसऱ्या एका प्रांताने तवारिखांपेक्षाही अधिक निष्ठेने आपल्या अंगाईगीतात जपली, असे शहर हिंदुस्थानात शोधू गेल्यास नागपूरखेरीज दुसरे नाव चटकन पुढे येणार नाही. पहिल्या रघूजी भोसल्यांचे स्वार १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षे बंगालच्या सुभ्यात चौथाई वसूल करीत फिरले. त्यांचा सेनानी भास्करराम कोल्हटकर याला अलिवर्दीखानाने १७४४ मध्ये मनकरा येथे भेटीच्या मिषाने बोलावून ठार केले. आणि १७५१ च्या तहाने ओरिसाचा अंमल व सालिना बारा लक्षांची चौथ भोसल्यांच्या पदरात पडली. हा सारा वृत्तांत इतिहाससंशोधकांनी बखरींतून आणि दफ्तरांतून परिश्रमाने बाहेर काढला आहे. परंतु ज्या बंगाली मातांनी एकही दफ्तर उघडून पाहिले नव्हते, त्यांनी बारगिरांचे येणे, पाखरांनी फस्त केलेले पीक आणि सरकारसाऱ्याची विवंचना एवढे सगळे निजणाऱ्या बाळाच्या कानांत घातले, आणि अडीचशेहून अधिक वर्षे ते तेथून हलू दिले नाही. नागपूरकरांना ही कीर्ती भूषणावह वाटो वा न वाटो, झोप आणि स्मृती यांचा विचार करणाऱ्याला मात्र ती महत्त्वाची वाटल्यावाचून राहत नाही.

इतिहासकारांची एक खोड अशी की, ते जाग्या माणसांचाच इतिहास लिहितात. गोंड राजा बख्त बुलंद याने १७०२ च्या सुमारास बारा खेडी एकत्र करून हे नगर वसविले, रघूजींनी ते राजधानीच्या पदवीस चढविले, २६ नोव्हेंबर १८१७ च्या सायंकाळी सीताबर्डीच्या टेकड्यांवर सुरू झालेली लढाई रात्रभर चालून दुसऱ्या दिवशीच्या मध्यान्हाला संपली, १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि राज्य खालसा झाले, एवढे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते; पण ह्या शहराच्या तीनशे वर्षांपैकी सुमारे एक तृतीयांश काळ ते निजलेले होते, ते कसे निजत होते, कोणी कोणाला निजू दिले आणि कोण कोणासाठी जागे राहिले, याची नोंद कोणी ठेवली नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, वैशाखात भट्टीसारख्या तापणाऱ्या ह्या शहरात झोप ही केवळ निसर्गाची देणगी कधीच नव्हती. ती बंदोबस्ताने मिळवावी लागणारी वस्तू होती, आणि त्या बंदोबस्ताच्या जमाखर्चात दुसऱ्या कोणाचे तरी जागरण खर्ची पडत होते. तो खर्च किती मोठा होता हे मेंदूच्या शास्त्राने अलीकडे दाखविले, म्हणून आधी थोडे त्या शास्त्राविषयी.

निद्रा म्हणजे चित्ताचा निव्वळ अभाव, असे मानण्याची प्रवृत्ती जुनी आहे, आणि तिला झालेला विरोधही तितकाच जुना आहे. पतंजलींनी चित्ताच्या पाच वृत्ती सांगितल्या, त्यांत निद्रा चौथी आणि स्मृती पाचवी. आणि निद्रेला वृत्ती का म्हणावे याचे व्यासभाष्याने दिलेले कारण असे की, उठल्यावर मनुष्याला आपण सुखाने निजलो की अस्वस्थपणे निजलो याचे स्मरण होते, आणि ज्याचा अनुभव झाला नाही त्याचे स्मरण संभवत नाही. ही युक्ती न्यायाधीशाच्या निकालपत्रात शोभेल इतकी नेटकी आहे. युरोपात स्मृतीचा प्रश्न प्रयोगशाळेत जायला १८८५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी हेर्मान एबिंगहाउस या जर्मन पंडिताने निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच घोकून आपण किती वेगाने विसरतो याची मोजदाद प्रसिद्ध केली. आणि १९२४ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स व डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना तसलीच अक्षरे पाठ करायला लावून असे दाखविले की, पाठांतरानंतर जागे राहिल्यास जेवढे विस्मरण होते त्याहून तेवढ्याच तासांच्या झोपेनंतर पुष्कळ कमी होते. (ह्या जेंकिन्सचा, नागपूरच्या मुलखाचा १८२७ चा प्रसिद्ध अहवाल लिहिणारा रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याच्याशी काही संबंध नाही, नामसादृश्याने एखाद्या उत्साही संशोधकाने तो जोडू नये म्हणून हा खुलासा.) प्रयोग करणाऱ्या त्या दोघांना वाटले की झोपेत नवे काही घडत नसल्यामुळे जुन्यावर धूळ बसत नाही, इतकेच.

प्रत्यक्षात झोपेत पुष्कळ काही घडत होते. हान्स बर्गरने माणसाच्या मेंदूतील विद्युत्-स्पंदने कागदावर उतरविल्याचे १९२९ मध्ये जाहीर केले, त्यानंतर दशकाच्या आत लूमिस व त्याच्या सहकाऱ्यांनी त्या आलेखांवरून निद्रेच्या पायऱ्या ठरविल्या, आणि १९५३ मध्ये शिकागो येथे असेरिन्स्की व क्लाइटमन यांना निजलेल्या माणसाचे डोळे पापण्यांखाली वेगाने फिरत असल्याचे काही कालखंड आढळले, जे स्वप्नांशी निगडित निघाले. आज आपणांस जे चित्र दिसते ते थोडक्यात असे: रात्रीच्या पूर्वार्धात गाढ झोपेचे प्रमाण अधिक असते, आणि त्या वेळी मेंदूच्या बाह्यावरणावरून सेकंदाला एखादी अशा संथ लाटा जातात, त्या लाटांच्या माथ्यावर सेकंदाला बारा ते पंधरा आंदोलनांच्या, आलेखावर सूत गुंडाळलेल्या चातीसारख्या दिसणाऱ्या, क्षणभराच्या लहरी उमटतात, आणि त्यांच्याच मेळात, मेंदूच्या आत खोल असलेल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात अत्यंत सूक्ष्म व शीघ्र कंपने होतात. १९९४ मध्ये विल्सन व मॅकनॉटन यांनी उंदरांच्या मेंदूत असे टिपले की, दिवसा चालताना ज्या पेशी एकत्र चेतल्या होत्या त्याच पेशी नंतरच्या झोपेत पुन्हा एकत्र चेततात; म्हणजे दिवसाचा पाठ रात्री, पाठकाला न कळत, पुन्हा म्हटला जातो. ह्या आवृत्तीने हिप्पोकॅम्पसमध्ये तात्पुरते जमा झालेले हळूहळू बाह्यावरणातील टिकाऊ जागी रुजते, असा आजचा बहुमान्य सिद्धांत आहे. झोप मोडली तर ही आवृत्ती अपुरी राहते. गाढ झोपेचा ऐवज रात्रीच्या पहिल्या प्रहरांत आणि स्वप्नझोपेचा पहाटेकडच्या प्रहरांत साठलेला असल्यामुळे, माणसाची झोप किती तास हिरावली यापेक्षा कोणत्या प्रहराला हिरावली हाही प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

आता पुन्हा नागपूर. महाल भागात भोसल्यांचा काळ्या दगडाचा, कोरीव लाकूडकामाचा वाडा होता. तो १८६४ मध्ये आगीत भस्मसात झाला आणि त्याचे भव्य प्रवेशद्वार तेवढे मागे राहिले. वाड्याच्या आसऱ्याने वाढलेल्या पेठेत शास्त्री-वैदिकांची घरे होती, आणि भोसला वेदशाळेच्या रूपाने ती परंपरा शहरात पुढेही चालू राहिली. तत्पूर्वी, १७९९ पासून दोन वर्षे, कंपनीचा वकील म्हणून भोसल्यांच्या दरबारी राहिलेला हेन्री टॉमस कोलब्रुक हाच पुढे १८०५ मध्ये वेदांवरील इंग्रजीतला पहिला भारदस्त निबंध लिहिणारा संस्कृतज्ञ ठरला, हा योगायोगही नोंदण्याजोगा आहे. वैदिकाचे शिक्षण म्हणजे पाठांतर. गुरूने संथा द्यावी, शिष्याने ती म्हणावी, मग दिवसभर आवृत्त्या कराव्यात. संहिता झाली की पदे, पदांनंतर क्रम, आणि बुद्धी व आयुष्य पुरले तर जटा आणि घन. घनपाठात पहिले पद दुसऱ्याशी, दुसरे पहिल्याशी, मग पहिले, दुसरे, तिसरे, उलट तिसरे, दुसरे, पहिले, असे पुढेमागे विणत जातात, जेणेकरून एक अक्षर किंवा एक स्वरही जागचा हलू नये. मेंदूच्या अभ्यासकांना विश्रांती घेणाऱ्या जाग्या उंदराच्या मेंदूत चाललेल्या वाटेची उलट क्रमाने आवृत्ती आढळली आहे, हे वाचताना घनपाठ आठवणे स्वाभाविक आहे. परंतु साम्य दिसले म्हणजे ऋषींना सर्व ठाऊक होते असा डंका पिटण्याची जी हौस आपल्याकडे बोकाळली आहे तिला माझ्याकडून दुजोरा मिळावयाचा नाही.

किंबहुना स्मृतिकारांनी एका बाबतीत नेमका उलट हुकूम दिलेला आहे. रात्रीच्या अखेरीस वेदाध्ययन केल्यावर, कितीही शीण आला तरी, पुन्हा निजू नये, असे मनूने बजावले आहे. आजचे शास्त्र म्हणेल की नवा पाठ घेतल्यावर लगेच निजणे हेच त्या पाठाच्या हिताचे! अर्थात मनूचा रोख आळसावर होता, आणि ब्राह्ममुहूर्तावर उठणारा विद्यार्थी दिवेलागणीनंतर लवकर अंथरुणावर पडत असल्यामुळे आदल्या दिवसाची संथा रात्रीच्या गाढ झोपेतून गेलेली असे, आणि पहाटेची आवृत्ती त्या मुरलेल्या पाठावरच होई; हुकूम कसाही असो, शिरस्ता शहाणा होता. तीच गोष्ट अनध्यायाची. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या ह्या दिवशी नवा पाठ घ्यायचा नाही, ह्या नियमाला कारणे धर्मशास्त्राची दिलेली आहेत. परंतु पाठांतरात मध्ये खंड टाकल्याने ते अधिक टिकते ही गोष्ट एबिंगहाउसनेही आपल्या पुस्तकात नोंदविली आहे.

अशा पंडितांच्या मेंदूची परीक्षाही झाली आहे. जेम्स हार्ट्झेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात शुक्ल यजुर्वेदाच्या २१ पंडितांची व तितक्याच इतर माणसांची तुलना करून २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला की, पंडितांच्या मेंदूच्या बाह्यावरणाच्या कित्येक भागांत व उजव्या हिप्पोकॅम्पसच्या काही भागात करड्या द्रव्याचे प्रमाण अधिक आहे. त्या अभ्यासात पंडितांच्या झोपेचे मोजमाप केलेले नव्हते, एवढे ध्यानात ठेवूनच त्याचा हवाला द्यावा.

वैदिकाची स्मृती अक्षराची; तिच्या शेजारी विदर्भातच दुसऱ्या एका प्रकारची स्मृती नांदली, जी प्रसंगाची होती. महानुभाव पंथाच्या श्रीचक्रधरांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटाने नागदेवाचार्यांना आणि इतर भक्तांना विचारून विचारून, ज्याला जे आठवले ते लिहून घेऊन, ऋद्धिपूरच्या परिसरात तेराव्या शतकाच्या अखेरीस लीळाचरित्र सिद्ध केले; ती मूळ पोथी पुढे परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली, आणि महानुभावांनी स्मरणाच्या बळावर ग्रंथ पुन्हा उभा केला. त्यांत हिराइसा नावाच्या स्त्रीचे पाठांतर विलक्षण मानले जाते, आणि तिच्या नावाने एक पाठ आजही ओळखला जातो. परिणाम असा झाला की एका ग्रंथाचे अनेक पाठ निर्माण झाले, आणि नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले डॉ. वि. भि. कोलते यांनी आयुष्याची कित्येक वर्षे ते पाठ जुळविण्यात घालवून १९७८ मध्ये आपली आवृत्ती प्रसिद्ध केली. मेंदू रात्री जी आवृत्ती करतो ती घनपाठासारखी नसून लीळाचरित्रासारखी आहे, असे मला वाटते. तो कारकुनासारखी नक्कल उतरवीत नाही. तो सार उचलतो, जुन्या आठवणींशी नव्याचा मेळ घालतो, आणि प्रसंगी तपशील बदलूनही टाकतो. म्हणून अक्षरशः पाठ राखायचा तर झोपेवर विसंबून चालत नाही, जटा-घनाची बेडी लागते. आणि अर्थ राखायचा तर झोप पुरते, पण मग मागाहून एखादा कोलते लागतो.

परंतु वेदशाळा असो की महानुभावांचा मठ, वैशाखातल्या रात्री निजणार कसे? नागपूरचा मे महिन्यातला कमाल पारा सरासरीने ४२-४३ अंशांच्या घरात असतो, २३ मे २०१३ रोजी तो ४७.९ अंशांवर गेला होता, आणि रात्रीसुद्धा तो अठ्ठावीसच्या आसपास रेंगाळतो. झोप लागण्याच्या सुमारास शरीराच्या अंतर्भागाचे तापमान उतरू लागते; हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली उष्णता बाहेर टाकली जाते. बाहेरची हवाच तप्त असेल तर ही उष्णता जाणार कोठे? मग माणूस कूस बदलत राहतो, आणि सर्वांत आधी तुटतात त्या गाढ झोप आणि स्वप्नझोप ह्याच दोन अवस्था, म्हणजे स्मृतीच्या कामाच्या नेमक्या त्याच. मेंदूतील ज्या भागाकडे तापमानाचे नियमन आहे त्याच भागाचा झोपेच्या नियमनातही हात आहे, ह्या विषयावर दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत वेलायुधन मोहनकुमार यांनी दीर्घकाळ संशोधन केले. वऱ्हाड-नागपूरच्या गृहिणीला हे शास्त्र कळत नव्हते, पण उपाय कळत होता. दुपारी माजघराची दारे लावून अंधार करायचा, जमीन शेणाने सारवून थंड ठेवायची, तिन्हीसांजेला अंगणात किंवा धाब्यावर पाणी शिंपडायचे, सुतळीच्या बाजा बाहेर काढायच्या, कारण विणलेल्या बाजेला खालूनही वारा लागतो, आणि गादी टाळायची, उशाशी सुरई. अख्खी आळी चांदण्याखाली एकमेकांच्या घोरण्याच्या टप्प्यात निजे, आणि पहाटेच्या गारव्यात, म्हणजे स्वप्नांच्या प्रहरात, अंगावर दुलई ओढून घेई.

दुपारच्या झोपेविषयी चरकाचे मत येथे सांगितलेच पाहिजे. एरवी दिवसा निजण्याला त्याचा विरोध आहे. पण ग्रीष्मात रात्री लहान असतात आणि शरीर रुक्ष होते म्हणून त्या ऋतूत त्याने सर्वांना मुभा दिली, आणि इतर ऋतूंतही ज्यांना दिवसा निजू द्यावे अशा लोकांच्या यादीत, गाण्याने, अध्ययनाने, कष्टाने, ओझी वाहण्याने आणि वाटचालीने शिणलेल्यांना घातले. अध्ययनाने शिणलेला मनुष्य ओझी वाहणाऱ्याच्या पंक्तीला बसविणारी ही दृष्टी मला फार उदार वाटते. सेरा मेडनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये असे दाखविले की, तास-दीड तासाची दुपारची झोप, तीत गाढ झोप व स्वप्नझोप दोन्ही आल्यास, दृष्टीच्या एका विशिष्ट अभ्यासात रात्रभराच्या झोपेइतका लाभ देते. नागपूरची वामकुक्षी मात्र बहुधा बंगईवर सुरू होई. साखळ्यांवर टांगलेली ती रुंद फळी, पायाने जमिनीला दिलेला हलका रेटा, आणि कडीचे कुरकुरणे. २०१९ मध्ये जिनिव्हाच्या संशोधकांनी १८ तरुणांना रात्रभर हळुवार झुलणाऱ्या शय्येवर निजवून पाहिले, तेव्हा त्यांना झोप लवकर लागली, गाढ झोप वाढली, त्या चातीसारख्या लहरी झुलण्याच्या तालाशी जुळल्या, आणि रात्री पाठ केलेल्या शब्दांच्या जोड्या सकाळी अधिक आठवल्या. पाळणा आणि बंगई यांचे हे समर्थन ऐकून आमच्या आज्या-पणज्यांना फारसे नवल वाटले नसते.

इंग्रजी अमलात ह्या बंदोबस्ताला हुद्दे आले. कन्हान नदीकाठी कामठीची छावणी १८२१ मध्ये वसली, सीताबर्डीपलीकडे रेसिडेन्सी आणि पुढे सिव्हिल लाइन्सचे बंगले उठले, आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाल्यावर साहेबांची व कचेऱ्यांची संख्या वाढली. वैशाखात सरकारचा वरचा कारभार दफ्तरांच्या पेट्यांसह पचमढीच्या थंड डोंगरावर हलविण्याचा शिरस्ता पडला. जे अंमलदार खाली राहत त्यांच्यासाठी दारांना वाळ्याच्या ताट्या लागत, त्यांवर पाणी मारायला भिस्ती असे, आणि छताला टांगलेला लांबलचक कापडी पंखा ओढायला पंखेवाला. मे महिन्यात नागपूरची दुपारची हवा इतकी कोरडी असते की ओल्या ताटीतून येणारा झोत खरोखर थंड होऊन येतो. दोर भिंतीतल्या भोकातून बाहेर व्हरांड्यात जाई; तेथे पंखेवाला बसून, कधी आडवा पडून दोर पायाच्या अंगठ्याला अडकवून, रात्रभर तो ओढीत राही. साहेबाच्या झोपेची कळ अशा रीतीने एका माणसाच्या स्नायूंत बसविलेली होती.

ह्या रचनेत एक क्रूर विनोद होता. एकाच संथ तालात तासन्‌तास हात हलविणे हे झोप आणण्याचे साधन आहे, आणि जो ताल साहेबासाठी वारा घाली तो पंखेवाल्याला पेंग आणी. पेंग आली की पंखा थांबे. पंखा थांबला की साहेब घामाने जागा होई. आणि मग बूट, छडी, शिव्या. हिंदुस्थानातील गोऱ्या पलटणींच्या छावण्यांतून पंखेवाल्यांना केलेल्या मारहाणीचे खटले वारंवार कोर्टांत गेले, काहींत मनुष्य दगावला, आणि आरोपी किरकोळ दंडावर किंवा निर्दोष सुटल्याने देशी वर्तमानपत्रांतून संतापाची लाट उठली. लॉर्ड कर्झनसारख्या साम्राज्यवाद्यालाही गोऱ्या शिपायांच्या ह्या वर्तनाची लाज वाटली होती. परंतु मारहाण हा त्यातला दिसणारा भाग. न दिसणारा भाग असा की, पंखेवाल्याची जी झोप हिरावली जात होती तीत रात्रीच्या पूर्वार्धातली, गाढ लाटांची झोपही होती; आणि दिवसा, उन्हात, बाजेवर जी काही दोन-चार तास त्याला मिळत असेल ती देहाच्या उतरत्या नव्हे तर चढत्या तापमानाशी झगडत मिळत असे. शरीराचे घड्याळ सूर्याशी बांधलेले असल्यामुळे दिवसाची झोप बहुधा आखूड आणि तुटक होते. चरकाच्या यादीत ओझी वाहणाऱ्याला जागा होती. मध्य प्रांताच्या नोकरनाम्यात पंखेवाल्याच्या डुलकीला ती नव्हती.

१ जानेवारी १८७७ रोजी जुम्मा तलावाजवळ जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि शहराच्या झोपेवर भोंग्याचा अंमल बसला. तोपर्यंत कोष्ट्याचा माग घरातच होता. रात्री दिव्याच्या उजेडात किती विणायचे हे तेलाच्या किमतीवर आणि घरधन्याच्या डोळ्यांवर अवलंबून असे. आता भोंगा म्हणेल तेव्हा उठायचे. ही गिरणी त्या काळच्या मानाने पुढारलेली होती, हे कबूल केले पाहिजे: कामगारांसाठी निवृत्तिवेतनाची आणि भविष्यनिर्वाहनिधीची योजना कायद्याच्या सक्तीपूर्वी तेथे झाली, आणि हवा दमट ठेवणारी यंत्रेही तेथे हिंदुस्थानात अगदी आरंभी बसली. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून नागपूरच्या हवेत हा दमटपणा लागे. त्याचा गारवा माणसांनाही लाभला असेल, परंतु तो भोंग्याबरोबर फाटकापाशी संपे. कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषाचा दिवस १२ तासांवर आणायला १९११ चा कायदा लागला, आठवड्याचे ६० तास व्हायला १९२२ चा, आणि ४८ तास व्हायला स्वराज्यातला १९४८ चा. विजेचे दिवे आल्यावर रातपाळी आली, आणि आठवड्या-आठवड्याला पाळी बदलण्याची पद्धत आली, जी शरीराच्या घड्याळाला सर्वांत जाचक.

ह्याच मजुरांना शिकण्याची भूक लागलेली होती. किसन फागूजी बनसोडे यांनी १९१८ ते १९२२ ह्या काळात नागपुरातून ‘मजूर पत्रिका’ चालविली, अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या मुलामुलींसाठी शाळा काढण्याची खटपट केली. जाईबाई चौधरींनी १९२२ मध्ये चोखामेळा कन्याशाळा सुरू केली. आणि पुढे बाबासाहेबांच्या चळवळीने इंदोरा-पाचपावलीच्या वस्त्यांत वाचन हे स्वाभिमानाचे कार्य करून टाकले. दिवसभर साच्यावर उभे राहून रात्री कंदिलाभोवती अक्षरे गिरविणाऱ्या त्या प्रौढ विद्यार्थ्यांविषयी बोलताना आपण त्यांच्या जिद्दीची स्तुती करतो, आणि ती योग्यच आहे. पण वैदिकाच्या मुलाला संथेनंतर निश्चिंत रात्र मिळत होती, आणि गिरणीतल्या माणसाला धुळाक्षरांनंतर भोंगा, एवढी तफावत जमेस धरल्याशिवाय दोघांच्या बुद्धीची तुलना करणे हा सरळसरळ अन्याय आहे. ती तुलना पिढ्यान्‌पिढ्या बिनदिक्कत होत आली. पाठांतर हे जातीच्या रक्तात असते असे म्हणणाऱ्यांनी ते कोणाच्या अंथरुणात असते याचा विचार केला नाही.

विजेच्या पंख्याने पंखेवाल्याचा धंदा बुडविला, याचे कोणी दुःख केले नाही, पंखेवाल्यानेही नसेल. मग आला कूलर, आणि तो नागपूरचा जणू कुलस्वामी झाला. टिनाची पेटी, तीन बाजूंना वाळ्याच्या किंवा लाकडाच्या कुरळ्या भुशाच्या ताट्या, तळाशी पाण्याची टाकी, वर पाणी चढविणारा लहान पंप. तत्त्व तेच, भिस्तीच्या जागी पंप आणि दोराच्या जागी मोटर. कोरड्या वैशाखात तो अप्रतिम काम करतो आणि जूनच्या मध्यावर पहिला पाऊस पडून हवा ओलसर झाली की त्याची मात्रा चालेनाशी होते. धाबी गेली, त्यांच्या जागी सिमेंटचे स्लॅब आले, जे दिवसभर प्यालेले ऊन मध्यरात्रीपर्यंत खोलीत सोडीत राहतात. म्हणून एके काळी अंगणात फुकट मिळणारा गारवा आता वीज आणि पाणी ह्या दोन्हींच्या बिलांत मोजावा लागतो. ज्या वस्तीत नळ तासभरच येतो तेथे कूलर भरायचे पाणी कोणी तरी पहाटे उठून साठविते, आणि ते कोणी तरी बहुधा घरातली बाईच असते. एम्प्रेस मिल २००२ मध्ये कायमची बंद झाली, भोंगाही थांबला.

शहराला उष्णतेच्या लाटांना तोंड देण्यासाठी आता आराखडे तयार होतात. दुपारची कामे टाळावीत, बागा दिवसा खुल्या ठेवाव्यात, पाणपोया घालाव्यात, अशी सूचना त्यांत असते, आणि ती उपयोगाचीच आहे. त्यांचा रोख दुपारवर असतो. रात्रीच्या शहरात मात्र जागणाऱ्यांची फौज पूर्वीपेक्षा मोठी आहे: मेयो आणि मेडिकल ह्या रुग्णालयांच्या वॉर्डांतल्या परिचारिका, रेल्वेच्या यार्डातले कामगार, कळमन्याच्या बाजारात माल उतरविणारे हमाल, आणि प्रत्येक सदनिकासंकुलाच्या फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला पहारेकरी. भोसल्यांच्या काळी घटिकापात्र बुडाले की तास वाजविणारा जसा जागा असे, तसा हा जागा असतो. फरक एवढाच की त्याच्या जागेपणावर आता कॅमेऱ्याचा डोळा असतो. तो सकाळी आठला सुटतो, सायकलीने घरी जातो, आणि मे महिन्यात टिनाच्या छपराखालच्या खोलीत नऊच्या सुमारास, पारा चढू लागतो नेमका तेव्हा, अंग टाकतो. त्याच्या नेमणुकीच्या कागदावर बारा तासांची हजेरी लिहिलेली असते, डुलकी लागल्यास पगारातून काय कापले जाईल तेही बहुधा लिहिलेले असते. दिवसा तो कोठे आणि कशाच्या गारव्यात निजणार, याविषयी त्यात एक ओळही नसते.